जोंगाचं इंजिन नंतर उघडा, आधी पॉलिसी उघडा

प्रश्न: मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, कराडजवळ राहतो. निवृत्तिवेतन महिना ४२ हजार. वडील सैन्यात ड्रायव्हर होते. त्यांच्या आठवणीसाठी २०१७ मध्ये एका डीलरकडून ३ लाख २० हजारांना १९८६ सालची पेट्रोलवर चालणारी जोंगा (सैन्यातली जुनी, जीपसारखी गाडी) घेतली. आजवर तिच्यावर सहा लाख गेले असतील. आता ती तापते, तेल खाते, ब्रेक मारला की डावीकडे ओढते. मेकॅनिकने ४ लाख ८० हजारांचं एस्टिमेट दिलं आहे: इंजिन ओव्हरहॉल १ लाख ९०, डेंटिंग-पेंटिंग १ लाख १०, ब्रेक-स्टिअरिंग ६०, पाच टायर ५५, वायरिंग ४०, सीट-हूड २५ हजार. डिझेल इंजिन बसवा, असंही तो म्हणतो. पासिंग २०२२ ला संपलं, विमाही बहुतेक संपला आहे, पण मी गावातल्या गावातच फिरवतो. गाडी नीट झाली तर लग्नं आणि शूटिंगला दिवसाला १५ हजार भाडं मिळेल आणि पाच वर्षांत व्हिंटेज म्हणून २० लाखांना जाईल, असं सगळे सांगतात. १३ टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यावं का? निवृत्तीच्या २४ लाखांपैकी १६ लाख एफडीत आहेत. बाकीचे बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या पेन्शन प्लॅनमध्ये (वर्षाला ४ लाख, १० वर्षं) गेले. तिसरा हप्ता दोन महिन्यांनी आहे, त्यामुळे एफडीला हात लावायचा नाही.

उत्तर: तुम्ही गाडीबद्दल सव्वाशे शब्द लिहिलेत आणि पेन्शन प्लॅनबद्दल दोन ओळी. खरा खड्डा त्या दोन ओळींत आहे, म्हणून गाडीकडे जरा उशिराच येतो.

सोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर कुठेही ‘पेन्शन’ असा शब्द नाही. ही साधी विमा पॉलिसी आहे. वर्षाला ४ लाख असे १० हप्ते, मग थोडं थांबायचं आणि वयाच्या ७१ पासून ८० पर्यंत दर वर्षी साडेसात लाख. ‘४० लाखांवर वर्षाला साडेसात, म्हणजे जवळजवळ १९ टक्के’ असा हिशेब तुम्हाला दाखवला गेला असणार. तो खोटा आहे, कारण ते साडेसात लाख व्याज नव्हे. त्यात तुमचंच मुद्दल तुम्हाला परत मिळतंय, तेही दहा-वीस वर्षांनी. पैसे कधी जातात आणि कधी येतात हे धरून आकडेमोड केली, तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आतच येतो. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, तेही दर तिमाहीला हातात.

पण कमी परतावा हे लहान दुखणं. मोठं दुखणं हे की ही पॉलिसी तुम्हाला परवडतच नाही. उरलेले हप्ते आठ, म्हणजे ३२ लाख. तुमच्याकडे आहेत १६. एफडीवर ७ टक्के धरा आणि दर वर्षी त्यातून ४ लाख काढा: तिसरा, चौथा, पाचवा, सहावा हप्ता जाईल. सातव्याच्या वेळी खात्यात जेमतेम दोन लाख असतील. वर्षाला पाच लाख निवृत्तिवेतन असलेल्या माणसाच्या गळ्यात चार लाखांचा हप्ता बांधणाऱ्याने ही बेरीज केली नसेल, असं मला वाटत नाही. त्याने पहिल्या हप्त्यावरचं कमिशन पाहिलं.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. पण लगेच सरेंडरचा (मुदतीआधी पॉलिसी मोडण्याचा) फॉर्मही भरू नका, इथे बरेच जण दुसऱ्यांदा फसतात. दुसऱ्या वर्षात हमीची सरेंडर रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३० टक्के, म्हणजे ८ लाखांतले २ लाख ४० हजार. दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असल्याने पॉलिसी ‘पेड-अप’ करता येते: पुढे काही भरायचं नाही, लाभ त्या प्रमाणात कमी. दहातले दोन हप्ते भरलेत, तर साडेसात लाखांच्या जागी साधारण दीड लाख दर वर्षी, ७१ ते ८० पर्यंत. ७ टक्क्यांनी मागे आणलं तर त्या दीड-दीड लाखांची आजची किंमत साडेपाच ते पावणेसहा लाख भरते. म्हणजे हातात २ लाख ४० मिळत असतील तर पेड-अप दुपटीहून चांगलं. कंपनीची ‘विशेष सरेंडर रक्कम’ याहून जास्त असू शकते. दोन्ही आकडे लेखी मागवा. विशेष रक्कम साडेपाच लाखांच्या वर असेल तरच सरेंडर, नाहीतर पेड-अप करून कागद कपाटात ठेवा. ‘निदान तिसरा हप्ता भरा, मग ३५ टक्के मिळतील’ असं कोणी सुचवेल. १२ लाखांचे ३५ टक्के म्हणजे ४ लाख २०. तोटा ५ लाख ६० वरून ७ लाख ८० हजारांवर गेला, एवढाच त्याचा अर्थ.

प्रस्तावपत्राची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रतही मागवा आणि त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. आकडा फुगवलेला निघाला तर चुकीच्या विक्रीची तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

आता गाडी. विमा नसलेली आणि पासिंग संपलेली जोंगा ‘गावातल्या गावात’ फिरवणं ही तुमच्या पत्रातली दुसरी मोठी चूक. विना-विमा गाडीचा पहिल्या वेळचा दंड दोन हजार रुपये, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण डावीकडे ओढणाऱ्या गाडीखाली कोणी आलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती तुमच्या एफडीतून आणि घरातून जाईल, तिला वरची मर्यादा नाही. विमा, पीयूसी, फॉर्म २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज), आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि विलंबशुल्क यासाठी निदान ३० हजार बाजूला ठेवा. तोवर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

भाड्याचं स्वप्न इथेच संपतं. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. व्हिंटेजचा नियम २०२१ चा आहे आणि त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. तुमची १९८६ ची, म्हणजे २०३६ उजाडेल. आणि व्हिंटेज नोंदणी झाली की रोजचा किंवा धंद्याचा वापर बंद, फक्त रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर. २०१९ मध्ये धोनीच्या जोंगाचे फोटो झळकले तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याला आपल्या अंगणातली जोंगाही त्याच मोलाची वाटते. गिऱ्हाईक आपल्या गाडीचे पैसे देतं, धोनीच्या नव्हे. तरी २० लाख येतील असं समजू. गेलेले ९ लाख २०, नवे ४ लाख ८०, कर्जावरचं व्याज पावणेदोन लाख, पाच वर्षांचं पेट्रोल आणि देखभाल साडेतीन लाख. बेरीज सव्वाएकोणीस. म्हणजे स्वप्न शंभर टक्के खरं ठरलं तरी हाती पाऊण लाख. आणि त्यासाठी महिना १० हजार ९०० चा हप्ता, निवृत्तिवेतनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. कर्ज नको.

गाडी विका, असंही मी म्हणत नाही. जोंगा म्हणजे निस्सानची ‘पॅट्रोल’ (Patrol) नावाची गाडी, जबलपूरच्या वाहन कारखान्यात बांधलेली. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, जीप म्हणावी तर मोठी, ट्रक म्हणावा तर लहान. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याला सापडतो. कुठेही संगणक नाही, त्यामुळे बिघाड अंदाजाने नव्हे, तपासून शोधता येतो. वडिलांनी चालवलेल्या जातीची गाडी पहाटे पहिल्या सेल्फला सुरू झाली तर त्याची किंमत पैशात धरायची नसते. मात्र म्हणूनच तिला गुंतवणूक म्हणायचं नाही. हा शौक आहे, त्याला दर महिन्याचं पाकीट ठरवायचं.

एस्टिमेटचा क्रम उलटा लावा. सर्वांत आधी ब्रेक. जुन्या रचनेचे चारही चाकांना ड्रम, आणि गाडी जास्त उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात. एका बाजूला ओढण्याची नेहमीची कारणं दोन: एका पुढच्या चाकाचा सिलिंडर अडकलेला किंवा गळतोय, नाहीतर हबचं ऑइल सील गेल्याने लायनरवर तेल आलंय. फक्त लायनर घासून गाडी परत दिली तर महिन्यात तेच. चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट आणि रबरी होज एकाच वेळी बदला, पुढे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. धुऱ्यांचे ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी भोकं) साफ करायला सांगा: ते चोंदले की डिफरन्शियलमध्ये दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा तेल फेकतं. जुन्या गाड्यांत बदललेलं सील पुन्हा गळण्याचं हे कारण बहुतेकदा कोणी बघतच नाही.

टायर घासून गोटा झालाय का ते नव्हे, त्याची तारीख बघा. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१४ असतील तर तो २०१४ च्या २३व्या आठवड्यातला. दहा वर्षं ओलांडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी फुटू शकतो. वायरिंगचे ४० हजार पटतात, पण प्रत्येक सर्किटला फ्यूज आणि हेडलाइट-हॉर्नला रिले असं बिलावर लिहून घ्या. कार्बोरेटरशेजारी कडक झालेल्या वायरी आणि जुना पेट्रोल पाइप, आग अशीच लागते. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर आणि फ्यूएल पंपाचा डायफ्राम लवकर जातो, तेव्हा पाइप, डायफ्राम आणि कार्बोरेटर किट इथेनॉलला टिकणारं घ्या. टाकी काढून गंज बघा, महिन्यातून एकदा गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा.

इंजिनाच्या १ लाख ९० हजारांना आत्ता हात लावू नका. तापणं आणि तेल खाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. तापण्यासाठी आधी रेडिएटर. बोअरचं पाणी घालघालून त्याच्या नळ्या क्षाराने बुजतात. थर्मोस्टॅट जागेवर आहे का तेही बघा, कारण ‘गाडी तापते’ म्हटलं की तो काढून फेकायची आपल्या गॅरेजांना सवय आहे. फॅनबेल्ट आणि इग्निशन टायमिंगही तपासा. टायमिंग मागे पडलं की इंजिन तापतं आणि दमही लागतो.

तेलासाठी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजणं), हजार रुपयांच्या आतलं काम. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सहाही सिलिंडरांचे आकडे लिहायचे. जो कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन पडले तर हेड गॅस्केट. सहाही एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असतील आणि धूर फक्त सुरू करताना निळा येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं. तेवढ्यासाठी अख्खं इंजिन खोलायचं नसतं. मेकॅनिकने टेस्ट न करता ओव्हरहॉलचा आकडा दिला असेल तर तो आकडा एस्टिमेट नव्हे, इच्छा आहे. डिझेलचं तर नावच नको: परवानगीशिवाय इंजिन बदललं की आरसी बुक आणि गाडी जुळत नाही, नूतनीकरणही अडतं आणि विम्याचा दावाही. पेंटिंग आणि सीट-हूड सर्वांत शेवटी.

म्हणजे ब्रेक, टायर, वायरिंग १ लाख ५५ हजार, रेडिएटर आणि पेट्रोल लाइनला १५, कागदपत्रांना ३०. दोन लाख, एफडीतून, कर्जाशिवाय. उरलेल्या १४ पैकी १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, तिमाहीला २४ हजार ६०० येतील. दोन लाख अडीअडचणीला एफडीतच. महिन्याला ८ हजार २०० पडले, त्यातले ५ हजार जोंगाच्या पाकिटात. चार किलोमीटरच्या ॲव्हरेजने वर्षाला १,२०० किलोमीटर म्हणजे ३०० लिटर, ३१-३२ हजारांचं पेट्रोल. उरलेल्यात ग्रीस, ऑइल, विमा आणि एखादं मोठं काम. रिंगा खरंच गेल्या असतील तर इंजिन त्या पाकिटातून, तेवढे पैसे साठतील तेव्हाच. आरोग्य विम्याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. नसेल तर पेंटच्या आधी तो.

पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, असं तुमच्या पासबुकावरून दिसतं. नुसतं ‘भरणार नाही’ ठरवून तो थांबणार नाही. या आठवड्यात बँकेत जाऊन ऑटो-डेबिट रद्द करण्याचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. साहेब चहा विचारतील.