आकारासाठी ब्रेस्ट इम्प्लांट करायचा विचार आहे. ते आयुष्यभर टिकतात का? की दहा वर्षांनी बदलावेच लागतात?

दहाव्या वर्षी बदलायलाच हवेत असं काही नाही. चांगले असतील तर राहू देतात. पण आयुष्यभराचं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

माझं २०१३ मध्ये कॅन्सरच्या ऑपरेशनबरोबरच बसवलं. डावीकडे, सिलिकॉनचं. पाच-सहा वर्षं विसरूनही गेले होते. मग ती बाजू हळूहळू कडक व्हायला लागली. एकदा भाची गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, खिशात काय ठेवलंयस गं?" कुर्त्याला खिसाच नव्हता! शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचं आवरण तयार करतं, ते सगळ्यांचंच होतं. काहींचं आवळत जातं. त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. रेडिएशन घेतलेल्यांना याचा धोका जास्त, आणि मी घेतलं होतं. हे आधी कुणी धड सांगितलं नाही याचा राग अजून आहे. शेवटी दुसरं ऑपरेशन झालंच.

फुटण्याचं म्हणाल तर सलाइनचं, म्हणजे आत मिठाचं पाणी असलेलं, फुटलं की स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉनचं फुटलेलं बऱ्याचदा कळतच नाही. म्हणून अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, सांगते की त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, पुढे दर दोन-तीन वर्षांनी.

२०१९ च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले. अशा इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित एक लिम्फोमा होतो, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, स्तनाच्या कॅन्सरपेक्षा वेगळा. वर्षानुवर्षं ठीक असलेली एक बाजू एकाएकी सुजली, पाणी साठलं, तर थांबू नका. बातमी वाचली त्या रात्री मी घर उलथंपालथं केलं, कारण माझं कुठलं तेच माहीत नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं 'इम्प्लांट' एवढंच. इम्प्लांटचं कार्ड सापडलं लाइट बिलांच्या डब्यात. गुळगुळीत निघालं. दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन लॅमिनेट करून आणलं, तेव्हापासून पर्समध्ये असतं.

तुम्ही आकारासाठी करताय म्हणालात, म्हणजे पुढे मॅमोग्राफी, स्तनांचा एक्स-रे, होणारच. तिथल्या टेक्निशियनला आधीच सांगा, त्या वेगळ्या पद्धतीने फोटो घेतात. आणि खर्चाचा हिशेब मांडताना पुढच्या एका ऑपरेशनचे पैसे आत्ताच धरा.