शाळेत बाहुल्या घेऊन जाताना

प्रश्न: ताई, आम्ही चर्चचे नऊ जण मिशन ट्रिपवर मुंबईत येतोय, कुर्ला-गोवंडीच्या शाळांत बाहुल्यांचा खेळ आणि स्किट करायचंय. पालिकेच्या शाळेत येशूच्या गोष्टी चालतील का? आणि पोरं शेवटपर्यंत बसतील ना?

उत्तर: आधी घटनेचं कलम 28 बघा, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही लहान मुलांना त्यात बसवायचं तर पालकांची संमती लागते. म्हणून पालिकेच्या शाळेत भांडण मिटवणं, हात धुणं असले विषय घ्या, स्क्रिप्ट मुख्याध्यापकांना आधीच दाखवा, चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट रविवारी चर्चमधे करा. शाळेत ती आडून घुसवू नका हो, मला ते मनापासून पटत नाही, मुलं आपल्यावर भरवसा ठेवून समोर बसलेली असतात.

आता बाहुल्या. दोऱ्यांच्या नकोत, सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर समाजाचे कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात ती पिढ्यांची कला आहे, आठवड्यात हात बसत नाही. मोज्याच्या करा. नवीन माणूस हमखास शब्द बोलताना बाहुलीचं तोंड मिटतो, ते प्रत्येक अक्षराला उघडायला हवं, आणि पोरं खाली बसलेली म्हणून मनगट वाकवून बाहुलीची नजर खाली ठेवा नाहीतर ती छताशीच बोलते. दोन बाकांमधे जुनी साडी बांधली की पडदा झाला. संवाद रेकॉर्ड नका करू, पोरं मधेच ओरडतात त्यांना बाहुलीने तिथल्या तिथे उत्तर दिलं ना की कोणी हलत नाही. दहा मिनिटं बास, मग बाहुल्या त्यांच्याच हातात द्या.