आधी बर्फाची कड मोज

दांडिया बाजार, बडोदे

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा अहवाल सावकाश वाचला. आर्क्टिकमधल्या समुद्री बर्फाचा महिनाभर आधी अंदाज देणारं तुझं संगणकी मॉडेल ९६ टक्के अचूक आहे, आणि आता त्याच्या गणिती जाळ्यात आणखी थर घालू का, असं तू विचारलं आहेस. घालू नकोस. आधी त्या ९६ टक्क्यांची फोड कर.

तुझ्या नकाशातल्या बहुतेक चौकोनांचं उत्तर मॉडेलशिवायही देता येतं. मार्चमध्ये ध्रुवाजवळ बर्फ असणारच, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यालगत नसणारच. असे चौकोन मोजत गेलं की टक्केवारी फुगते. जहाजाच्या कप्तानाला हवी असते ती बर्फाची कड, म्हणजे बर्फ संपून मोकळं पाणी लागतं ती रेषा. म्हणून अंदाजातली कड आणि प्रत्यक्षातली कड यांच्यामध्ये किती क्षेत्रफळ सापडतं, ते मोज. शेजारी दोन साधे अंदाज मांड: एक, मागच्या वर्षांची सरासरी, दुसरा, त्या सरासरीपासूनची आजची तफावत तशीच पुढे नेणारा. हा दुसरा दिसतो भाबडा, पण त्याला हरवायला घाम फुटतो.

आणखी एक. तू सगळ्या वर्षांचे दिवस मिसळून मग ८० टक्के मॉडेलला शिकवायला, २० टक्के तपासायला अशी वाटणी केलीस. बर्फ संथ बदलतो, सोमवारचा नकाशा मंगळवारसारखाच असतो. सोमवार शिकवायला आणि मंगळवार तपासायला ठेवला, तर परीक्षेआधीच पेपर हातात दिल्यासारखं होतं. सलग वर्षंच बाजूला काढ. त्यांत २०१२ हवंच. त्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला होता, उपग्रहांच्या नोंदीतला नीचांक. मॉडेल अशा वर्षी काय करतं, हे मला पाहायचं आहे.

आता ज्याला तू ‘सत्य’ म्हणतेस त्या आकड्यांकडे वळू. १९७८च्या अखेरीपासूनची ही नोंद उपग्रहांनी टिपलेल्या सूक्ष्मलहरींची (मायक्रोवेव्हची). ढग असोत की सहा महिन्यांची रात्र, ती चालू राहते, हे तिचं मोठेपण. पण उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि ती या उपग्रहांना उघड्या समुद्रासारखी भासतात. म्हणजे जून-जुलैत तुझ्या ‘सत्या’तच बर्फ कमी मोजला गेलेला असतो. किनाऱ्याजवळच्या चौकोनांत जमिनीचा भाग मिसळतो, ते वेगळंच. दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले नकाशे घे. जिथे त्यांचं आपसात जुळत नाही, तिथे मॉडेललाही खात्री नसू दे.

आणि जाडी! तुझ्या अहवालात ती कुठेच नाही, याचं मला वाईट वाटलं. उन्हाळ्यात कुठला बर्फ टिकेल हे बरंचसं त्यावर ठरतं. २०१०पासून फिरणारा युरोपचा उपग्रह क्रायोसॅट-२ राडारनं बर्फाचा पाण्यावर आलेला भाग मोजतो. तो एकूण जाडीच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणून पाच सेंटिमीटरची चूक जाडीत अर्ध्या मीटरच्या घरात जाते. त्यात वर भुसभुशीत हिम साचलेलं. त्याची खोली नक्की कळत नाही. इथे आपल्या इस्रोचा आणि फ्रान्सचा ‘सरल’ कामाचा आहे. २०१३मध्ये सोडलेल्या या उपग्रहाच्या राडारचे तरंग हिमाच्या वरच्या भागातूनच परततात, क्रायोसॅटचे जास्त आत जातात. या फरकावरून हिमाची खोली काढता येते. व्यवहारात हे इतकं स्वच्छ नसतं, आणि ‘सरल’ साडेएक्याऐंशी अंशांपलीकडे जातही नाही. तरीही मी तुझ्या वयाचा असतो तर यावरच बसलो असतो.

राडारचं चित्र वाचायला शिकायचं तर आधी आपली विश्वामित्री नदी घे. ऑगस्ट २०२४च्या पुराच्या काळातलं सेंटिनेल-१ या युरोपच्या राडार-उपग्रहाचं चित्र उतरवून घे. शांत पाणी काळं दिसतं, वाऱ्यानं खवळलेलं उजळ, आणि इमारतींमधलं तुंबलेलं पाणी तर कधी कोरड्या वस्तीहूनही उजळ. ध्रुवावर खवळलेलं पाणी आणि बर्फ यांची गल्लत याच कारणानं होते. फरक इतकाच की इथे कुठल्या गल्लीत पाणी शिरलं होतं ते तुझ्या घरच्यांना, शेजाऱ्यांना विचारता येतं. विचार आणि नकाशावर खुणा कर.

अंटार्क्टिकाचं पुढच्या वर्षी बघू. तिथला बर्फ बहुतांशी दर उन्हाळ्यात वितळून जातो, तिथे आर्क्टिकवर शिकलेलं मॉडेल नुसतं उचलून नेता येणार नाही. पण ते मनात असू दे. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तिथल्या आपल्या संशोधन तळांना रसद नेणाऱ्या जहाजाला तोच बर्फ कापत जावं लागतं, आणि या कामासाठी माणसं हवी आहेत. इस्रोचं अहमदाबादचं अंतराळ उपयोग केंद्र आपल्यापासून दोन तासांवर आहे. तिथल्या प्रशिक्षणासाठी अर्ज कर, शिफारसपत्र मी देतो.

त्याआधी मला एक तक्ता पाठव. बारा महिन्यांच्या ओळी, आणि कडेची चूक तीन रकान्यांत: तुझं मॉडेल, सरासरी, तफावत. जुलै-ऑगस्टचे आकडे वाईट आले तर ते झाकू नकोस, आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
सर