सायकल, सूर्योदय आणि गजराची वेळ

प्रश्न: नोव्हेंबरात मी सव्वासहाला कोथरूडहून सायकल काढायचे, चांदणी चौकाचा चढ संपला की मागे वळून बघितलं तर सूर्य वर यायलाच लागलेला असायचा. आता २२ डिसेंबर होऊन गेला, सासूबाई म्हणतात संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो, आणि मी मात्र वर पोचून अर्धा तास अंधारात कुडकुडत उभी. दिवस वाढतोय तो कुठे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: सासूबाई बरोबर आहेत, फक्त तीळ सगळे संध्याकाळच्या वाटीत पडतायत. पुण्यात २२ डिसेंबरला सूर्य साधारण ७.०३ ला उगवतो आणि ६.०३ ला मावळतो, आणि १८ जानेवारीला बघा, मावळतो ६.२० ला म्हणजे संध्याकाळ चांगली सतरा मिनिटं लांबली, पण उगवतो ७.१० ला, म्हणजे सकाळ उलटी सात मिनिटं उशिरा व्हायला लागली. वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय हाच. आणि सगळ्यात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरात नाहीच, तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन जातो, सहाच्या आधीच.

कारण असं की सूर्य बरोब्बर डोक्यावर यायची वेळच या दिवसांत रोज जवळपास अर्धा मिनिट पुढे सरकते. एक तर पृथ्वीचा आस कललेला, त्यात जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जोरात पळते, त्यामुळे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांचं जमत नाही. तर फेब्रुवारीपर्यंत गजर सरळ अर्धा तास पुढे ढकला, झोप काढा. मेअखेरीस मात्र ५.५७ लाच सूर्य येतो, तेव्हा साडेसहाला निघालात तर नुसतं ऊन मिळेल. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधली वेळ बघत असाल तर ती कुठल्या गावची आहे ते आधी बघा, मुंबईची असेल तर पुण्यात सूर्य चार मिनिटं आधी येतो, नागपुरात तर पंचवीस.

एक न विचारलेलं सांगतो. बघून झालं की तुम्ही तोच उतार उतरता, म्हणजे तोंड पूर्वेला, कोवळं ऊन थेट डोळ्यात. तुमच्या मागच्या गाडीवाल्याच्याही डोळ्यात तेच, त्याला तुम्ही दिसतच नाही! चहा घ्या, वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या, मग उतरा, आणि मागचा लाल लाईट उजेड झाला तरी चालूच ठेवा.

प्रश्न: मी रोज ऑफिस सुटलं की सायकलवरून रंकाळ्याला जातो. मे महिन्यात ज्या जागेवरून मस्त फोटो यायचे तिथून आता सूर्य भलतीकडेच बुडतो. कधी परत येणार तो?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: येईल की, मेमध्येच. जूनच्या टोकापासून डिसेंबरच्या टोकापर्यंत मावळतीची जागा आपल्याकडे जवळपास पन्नास अंश डावीकडे सरकते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, म्हणजे पाच मुठी. गंमत म्हणजे हे सरकणं सारखं नसतं, डिसेंबरात आठवडाभर सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं आणि मार्च-सप्टेंबरात रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. तुमच्याकडे सायकल आहे, तळ्याला वळसा घालून जागा बदला, चालत जाणाऱ्याला हे सुख नाही.

आणि बिंब बुडालं की लगेच पेडल मारू नका, वर उंच ढग असतील तर खरा रंग नंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत चढतो. पावसाने हवा धुतलेली असते तेव्हा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तर बघायलाच नको. फक्त आपल्याकडे सूर्य तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत संपतो आणि परत येताना खड्डे दिसत नाहीत, तेव्हा पुढचा लाईट घरूनच चार्ज करून निघा.