वाचकांचे प्रश्न : विमान किती भरलं, हे मोजतात कसं?

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी दोन उड्डाणांचा एकत्रित लोड फॅक्टर, म्हणजे विमानं किती टक्के भरली तो आकडा, काढला. पहिलं उड्डाण ५०० किलोमीटरचं, सीट्स २००, प्रवासी १९०. दुसरं ५,००० किलोमीटरचं, सीट्स ३००, प्रवासी २१०. माझं उत्तर ८२.५ टक्के आलं, मैत्रिणीचं ८०, आणि सरांनी ७१.६ लिहून दिलं. तिघांत बरोबर कोण?

उत्तर : सर. मैत्रिणीला मात्र लगेच चूक ठरवू नका, तिच्याकडे येतोच.

तुम्ही ९५ आणि ७० या दोन टक्क्यांची सरासरी काढलीत. टक्क्यांची सरासरी काढायची नाही, हे आमच्या विमान कंपनीच्या महसूल विभागात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावलं जायचं. तरी महिनाअखेरच्या तक्त्यात कुणी ना कुणी ती काढलेली असायचीच. मोठं विमान आणि छोटं विमान, लांबचा पल्ला आणि जवळचा, यांना त्यात सारखंच वजन मिळतं.

या धंद्यात मापाचं एकक आहे एक सीट, एक किलोमीटर. पहिल्या उड्डाणाने २०० सीट्स ५०० किलोमीटर नेल्या, म्हणजे १ लाख सीट-किलोमीटर. दुसऱ्याचे झाले १५ लाख. एकूण १६ लाख, याला एएसके (उपलब्ध सीट-किलोमीटर) म्हणतात. आता पैसे भरून बसलेल्यांचं बघा : १९० गुणिले ५०० म्हणजे ९५ हजार, आणि २१० गुणिले ५,००० म्हणजे साडेदहा लाख. बेरीज ११ लाख ४५ हजार, हे आरपीके (महसुली प्रवासी-किलोमीटर). आरपीकेला एएसकेने भागलं की ७१.६ टक्के. जवळच्या विमानातल्या १० रिकाम्या सीट्स पाचशेच किलोमीटर रिकाम्या गेल्या, लांबच्या विमानातल्या ९० सीट्स पाच हजार किलोमीटर. सरांच्या आकड्यात हा फरक दिसतो, तुमच्यात दिसत नाही. अंतर धरायचं ते दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या गोलाईवरचं कमीत कमी अंतर. वादळाला वळसा घालताना विमान कितीही लांबून गेलं, तरी ते जादा किलोमीटर हिशेबात येत नाहीत.

आता मैत्रीण. तिने एकूण प्रवाशांना एकूण सीट्सनी भागलं. इझीजेट ही ब्रिटनची स्वस्त विमान कंपनी हेच करते आणि कंपनीच्या अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, की अंतराचं वजन लावलेलं नाही. शिवाय तिकिटाचे पैसे परत देत नसल्यामुळे विमानतळावर न आलेला माणूसही ती प्रवाशांत धरते. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी तळटीप वाचावी. मी तर आकडा नंतर वाचतो.

प्रकल्पाला उपयोग होईल म्हणून एक उदाहरण आणखी देतो. समजा १८६ सीट्सच्या विमानाचं दार बंद झालं तेव्हा १८१ सीट्सवर माणसं बसलेली आहेत. त्यांतले ३ कंपनीचेच कर्मचारी, फुकट पासवर निघालेले. दोन तान्ही बाळं आईच्या मांडीवर. बाळांना स्वतंत्र सीट नाही, त्यामुळे ती मोजायची नाहीत, आणि पासवाले महसुली प्रवासी नव्हेत. उरले १७८, म्हणजे ९५.७ टक्के. आधीच्या प्रवासांवर जमलेल्या मैलांच्या पॉइंट्सवर तिकीट काढलेला प्रवासी मात्र धरतात. उलट बाजूही आहे : इंधनाच्या वजनामुळे काही सीट्स विकताच आल्या नाहीत, तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येप्रमाणे त्या उपलब्ध सीट्समधून वजा होतात. एवढं प्रकल्पात घातलंत तर सर खूश होतील.

प्रश्न : एक विमान कंपनी ८४ टक्के भरूनही तोट्यात आणि दुसरी ७८ टक्क्यांवर नफ्यात, असं कसं होतं? आकड्यांत काही लपवाछपवी असते का?

उत्तर : लपवाछपवी करायची गरजच नसते. लोड फॅक्टरमध्ये तिकिटाचा भाव कुठेच नाही. फुकटाच्या जवळपास तिकिटं विकली तर कुठलंही विमान भरतं.

चलन कुठलंही धरा. एक सीट एक किलोमीटर न्यायला ६ खर्च येतो आणि एका प्रवाशाकडून किलोमीटरमागे सरासरी ८ मिळतात. या ८ ला यील्ड म्हणतात. ६ भागिले ८, म्हणजे ७५ टक्के भरलं की खर्च निघाला. कंपनी ७८ वर आहे, म्हणजे प्रत्येक सीट-किलोमीटरमागे ६.२४ हातात येतात. चार पैसे सुटले. दुसऱ्या कंपनीने सीट्स भरायच्या नादात भाव पाडले आणि यील्ड ७ वर आलं. आता ८४ टक्के भरूनही सीट-किलोमीटरमागे ५.८८ च मिळतात. खर्च तोच ६. विमान भरलेलं, पण प्रत्येक किलोमीटरला घाटा. तिला खर्च भागवायला जवळपास ८६ टक्के भरावं लागेल.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने भाडी खुली होण्याआधी ती नागरी विमान वाहतूक मंडळ ठरवायचं. सत्तरच्या दशकात मंडळाने देशांतर्गत भाड्यांच्या हिशेबात ५५ टक्के लोड फॅक्टर प्रमाण धरला होता. त्यावर भाडं बसवलं की निम्म्याच्या थोडं वर विमान भरलं तरी कंपनी चाले. आज तेवढ्यावर बहुतेकांचं दिवाळं निघेल. २०२४ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगाची सरासरी ८३.५ टक्के होती, तोपर्यंतची सर्वांत जास्त. एप्रिल २०२० मध्ये ती ३६.६ वर आली होती, आणि तीही बहुतेक विमानं जमिनीवर उभी असताना, जी थोडी उडत होती त्यांची.

मला विचाराल तर लोड फॅक्टर एकटा छापूच नये. शेजारी यील्ड आणि सीट-किलोमीटरमागचा खर्च असेल तरच त्यातून काही कळतं.

प्रश्न : मी ज्या दुपारच्या विमानाने आलो त्यात निम्म्याहून जास्त सीट्स रिकाम्या होत्या. मग सरासरीचे ८३ टक्के येतात कुठून? आणि अशी उड्डाणं रद्द का करत नाहीत?

उत्तर : शुक्रवार संध्याकाळच्या विमानातून येतात. ते आधीच फुल झालेलं असतं आणि तुमच्या मंगळवार दुपारची भरपाई करतं. सरासरीत न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. शुक्रवारच्या विमानात जागा न मिळालेले लोक या मापात कुठेच नोंदले जात नाहीत. त्यांना आमच्याकडे स्पिल म्हणायचे आणि त्याचा नुसता अंदाज बांधायचा, कारण जो वेबसाइट बघून परत गेला त्याचा हिशेब कोण ठेवणार? लोड फॅक्टर ८५ च्या पुढे सरकला की वरिष्ठ पेढे वाटायच्या बेतात असायचे, आणि आम्ही गर्दीच्या वेळेला किती गिऱ्हाइकं गेली याचा घोर लावून बसायचो.

रद्द न करण्याचं साधं कारण म्हणजे तेच विमान संध्याकाळी दुसऱ्या गावाहून भरून निघायचं असतं. दुपारी ते तिथे पोचलंच नाही तर संध्याकाळचे प्रवासी कशाने आणणार? कधी एका दिशेला गर्दी असते आणि उलट दिशेला शुकशुकाट, तरी विमानाला परतावं लागतंच.

दुसरं कारण स्लॉट. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा वाटून दिलेल्या असतात. हंगामात त्यांतल्या किमान ८० टक्के वापरल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी त्यांच्यावरचा हक्क जातो. कोविडकाळात युरोपात आधी हा नियम स्थगित झाला, मग २०२१-२२ च्या हिवाळ्यासाठी ही अट ५० टक्क्यांवर आणली. तरीही स्लॉट राखण्यासाठी आपल्याला सुमारे १८,००० अनावश्यक उड्डाणं करावी लागतील, अशी तक्रार लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या प्रमुखांनी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे केली होती. स्लॉटच्या नियमात विमान उडालं की नाही एवढंच बघतात, आत किती माणसं होती हे विचारत नाहीत.