स्ट्रँगल्स लपवणाऱ्याला कायदा का विचारत नाही?

प्रश्न : आमच्या तबेल्यात नवा घोडा आला आणि दहा-बारा दिवसांत माझी घोडी तापाने फणफणली. मग जबड्याखाली गाठ आली, ती फुटून पू वाहिला. डॉक्टर म्हणाले, स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांचा जंतूंमुळे पसरणारा रोग. तो घोडा जिथून आला तिथे महिनाभर हीच साथ होती, हे आता कळतंय. ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा साथीचा रोग सरकारला कळवावाच लागतो. मग ही सक्ती स्ट्रँगल्सला का नाही? असावी का?

उत्तर : असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ग्लँडर्सचा कायदा उचलून इथे चिकटवू नये. ग्लँडर्स माणसालाही होतो, जीव घेतो आणि त्यावर लस नाही. त्यामुळे बाधित घोडा सहसा मारूनच टाकतात. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत ग्लँडर्स आहे, स्ट्रँगल्स नाही. स्ट्रँगल्सचे बहुतेक घोडे बरे होतात, म्हणून सरकारं त्याकडे काणाडोळा करतात. ब्रिटनमध्ये तो कळवणं बंधनकारक नाही, स्वीडनमध्ये आहे.

‘बहुतेक बरे होतात’ या तीन शब्दांवर माझा राग आहे. काही वर्षांपूर्वी एका तबेल्यात मी अशीच गाठ फोडली. मालक म्हणाले, “डॉक्टर, बाहेर बोलू नका, स्पर्धा तोंडावर आहे.” कायद्याने मला कुणाला कळवायचं नव्हतं आणि रुग्णाची माहिती फोडणं माझ्या व्यवसायात बसत नव्हतं. मी गप्प बसले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या तबेल्यातून रात्री बोलावणं आलं. सहा महिन्यांचं शिंगरू मान पुढे ताणून उभं होतं, प्रत्येक श्वासाला घरघर. घशामागची गाठ सुजून श्वासनलिका दाबत होती. या रोगाचं इंग्रजी नाव गळा आवळण्यावरूनच पडलंय. मी मानेला छेद देऊन नळी बसवली आणि मोतद्दार पहाटेपर्यंत त्याचं डोकं धरून बसला. शिंगरू वाचलं. सकाळी मालकीणबाईंनी विचारलं, “हे आलं कुठून?” मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं.

म्हणून सक्ती हवी, पण ती कळवण्याची. घोडा मारायचा नाही, तबेल्याचं नाव चव्हाट्यावर आणायचं नाही. नमुन्यात जंतू सापडला की प्रयोगशाळेनेच अधिकाऱ्याला कळवावं, आणि त्या तबेल्यातून अलीकडे घोडे जिथे गेले त्यांना निरोप जावा. दंड असावा तो आजारी घोडा जाणूनबुजून बाहेर धाडणाऱ्याला. ‘सक्ती केली तर लोक डॉक्टरलाच बोलावणार नाहीत, नमुना देणार नाहीत,’ असं माझे काही सहकारी म्हणतात. या आक्षेपात दम आहे. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होत राहिलं तर लोक लपवणारच. म्हणून तर कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई नको, असा माझा आग्रह आहे.

घोडा बाहेर न धाडण्याचे निर्बंध उठवायचे कधी, हेही कायद्यात लिहावं लागेल. घोड्याच्या डोक्यात, घशाच्या वर, हवेच्या दोन पिशव्या असतात. गाठ तिथे आत फुटली तर पू साठतो आणि वाळून त्याचे घट्ट, पिवळट गोळे होतात. दुर्बीण घालून मी असे गोटीएवढे गोळे काढलेत, तेही चकचकीत अंगाच्या, व्यवस्थित खाणाऱ्या घोड्यातून. बरे झालेल्या घोड्यांपैकी साधारण १० टक्के असे वाहक राहतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. तुमच्याकडे आलेला घोडाही असाच असू शकतो. तेव्हा ‘नाक कोरडं झालं, सोडा’ हे चालणार नाही. त्या पिशव्या धुऊन त्या पाण्याची पीसीआर तपासणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, निर्दोष यायला हवी.

तोवर तुम्ही कायद्याची वाट पाहू नका. तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्याला त्याच दिवशी वेगळा बांधा. नाकातून जंतू बाहेर पडायला ताप आल्यावर एक-दोन दिवस लागतात, तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो. बादल्या, खरारा, लगाम वेगळे ठेवा. मोतद्दाराने आजारी घोड्याकडे सगळ्यात शेवटी जावं. आणि या महिन्यात तुमच्याकडून घोडा नेलेल्या प्रत्येकाला आजच फोन करा.