बेझल जड फिरतंय? तेलाची बाटली खाली ठेवा

प्रश्न : मालवणला स्कूबा करून आल्यापासून माझ्या डायव्हर घड्याळाचं बेझल (काचेभोवतीची, पाण्याखालचा वेळ मोजायची फिरती कडी) जड फिरतं, मध्येच अडतं. खटकेही दबके लागतात. तेलाचा थेंब सोडू का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : तेल अजिबात नको. दिवाळीनंतर ठाण्यातल्या नौपाड्यात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर अशी घड्याळं येऊ लागतात आणि कित्येकांच्या बेझलखाली खोबरेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल निघतं. त्यात वाळू रुतून बसते, मग फिरणं आणखी जड.

तुमच्याकडे बहुधा मीठ, बारीक वाळू आणि सनस्क्रीनचा थर साचलाय. घड्याळाच्या बाजूची चावी स्क्रूसारखी फिरवून घट्ट आवळा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून घड्याळ पाव तास ठेवा, मऊ टूथब्रशने कड घासा आणि चावीला हात न लावता पाण्यातच बेझल फिरवत राहा. मध्यंतरी बॅटरी बदलली असेल आणि नंतर पाण्याची चाचणी झाली नसेल, तर मात्र बुडवू नका.

तरी सुटलं नाही तर बेझल काढावं लागतं. काहींचं बेझल तारेवर किंवा बारीक स्क्रूंवर बसतं. ती घरी उघडू नयेत. साधं दाबून बसवलेलं असेल तर केसला (घड्याळाच्या डबीला) टेप लावायची, बोथट पातं फटीत सरकवायचं आणि चहूबाजूंनी थोडंथोडं उचलायचं. आत रबरी रिंग आणि पातळ स्प्रिंग दिसेल. फिरण्यातला जडपणा रिंगचा, खटका स्प्रिंगचा. चिमटीत सिलिकॉन ग्रीस चोळून त्यातून रिंग ओढून घ्या. नुसती चकाकी आली की पुरे. जास्त झालं की खटका मेला. स्प्रिंगचं टोक किंचित उचललं तर खटका कडक होतो खरा, पण ते पटकन तुटतं. मी नवी स्प्रिंगच टाकतो.

बेझल बसवल्यावर ते काट्यांच्या दिशेने फिरवून बघा. फिरलं तर ते घड्याळ घेऊन पाण्यात उतरू नका. धक्का लागून बेझल सरकलंच तर गेलेला वेळ जास्त दिसावा आणि माणूस लवकर वर यावा, म्हणून ते एकाच दिशेने फिरतं. तो भरवसा गेला तर बाकी सफाईला काय अर्थ? सेको एसकेएक्स ००७ या डायव्हर घड्याळासारख्या १२० खटक्यांच्या बेझलमध्ये एक खटका अर्ध्या मिनिटाचा. तेवढी ढिलाई जाणवली तरी स्प्रिंग तपासून घ्या.

पुढच्या वेळी मालवणहून निघण्याआधीच नळाखाली बेझलच्या दोन फेऱ्या करा.